घरी सोडू की वर?

आमच्या जनावरांच्या दवाखान्याबद्दल गावात तीन मतं आहेत. बेकरीवाल्याला विचाराल तर डॉक्टरीणबाई म्हणजे देवमाणूस. त्याच्या मांजरीच्या पोटातून तिने हातभर सुतळी काढली, तेव्हापासून तो आमच्या दारावरून जाताना टोपी काढतो. गणिताच्या मास्तरांना विचाराल तर आम्ही दोन तास बसवून ठेवतो आणि दोन मिनिटांत बाहेर काढतो. तिसरं मत माझ्याबद्दल आहे आणि त्यावर मात्र बेकरीवाला आणि मास्तर यांचं एकमत आहे. डॉक्टर कशीही असो, काउंटरवरची बाई फार तोंडाळ.

आहेच मुळी. एकोणीस वर्षं मी त्या खुर्चीवर बसतेय. नऊला शटर वर जातं आणि साडेनऊला बाकावर दोन कुत्रे, टोपलीत मांजर आणि कुणाच्या तरी शर्टाच्या आत कासव, अशी जत्रा भरते. तिथे गोड बोलून भागत नाही. "आमचा चावत नाही हो," असं म्हणणाऱ्याचाच कुत्रा चावतो, हे मला माणसाच्या तोंडाकडे बघून कळतं. मी सांगते, "त्याचं तोंड बांधा, नाहीतर दाराबाहेर उभे राहा." जे आहे ते सांगून मोकळं व्हायचं, एक घाव दोन तुकडे. मोठे डॉक्टर होते तोवर माझ्या जिभेबद्दल कुणी ब्र काढला नाही. ते म्हणायचे, "आत मी टोचतो, बाहेर ही टोचते. दोन्ही औषधच."

आता त्यांची मुलगी बसते. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून मी तिला बघतेय, औषधांच्या खोलीत बसून पाढे पाठ करायची. हात तिचा बापापेक्षाही हलका, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. पण मन मेणाचं. कुणी वाकडं बोललं की दिवसभर डबा उघडत नाही.

झालं असं, की मास्तरांचा पोपट मेला. मी फोन केला, "मास्तर, पोपट मेला, न्यायला या." आता मेलेल्याला दुसरं काय म्हणायचं? पोपट खात नाही, पीत नाही, डोळे मिटून पडलाय, असं गोल गोल सांगत बसायला मी काय दरबारात नोकरीला आहे? पण मास्तरांना मिरच्या झोंबल्या. त्यांनी इंटरनेटवर आमच्या नावापुढे एकच तारा ठोकला आणि खाली परिच्छेद पाडून निबंध लिहिला. त्यात माझ्यावर दोन परिच्छेद होते.

दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या टेबलावर, फोनच्या शेजारी, प्लास्टिकमध्ये घातलेला कागद चिकटवलेला. वर मथळा होता, 'असे बोलावे'. खाली बारा नियम. 'मेला' म्हणू नये, 'सुटला' म्हणावे. 'मारायचं का' असं विचारू नये, 'त्याला सोडवण्याचा विचार करावा' असं सुचवावे. सातवा नियम होता, एकदा घरच्यांचा निर्णय झाला की त्यांना पुन्हा विचारू नये, माणसाला त्रास होतो. मी सगळं वाचलं आणि म्हटलं, ठीक आहे बाई, तुझा दवाखाना, तुझी भाषा.

पंधरा दिवसांनी मी स्वतःच त्या कागदात पाय अडकून पडले. शिंपीणबाईंचा ससा ऑपरेशनसाठी आमच्याकडे होता. ऑपरेशन झकास झालं, ससा टाके घालून गवत खायला लागला. मी फोन केला आणि आनंदाच्या भरात सांगितलं, "तुमचा ससा सुटला हो! संध्याकाळी या." संध्याकाळी शिंपीणबाई आल्या त्या डोळे सुजलेले, दोन बहिणी दोन बाजूंना धरून, आणि हातात चांगल्या ताग्यातून कापलेलं पांढरं कापड. ससा पिंजऱ्याची जाळी कुरतडत त्यांच्याकडे बघत होता. पहिल्यांदा त्या रडल्या, मग हसल्या, मग मला जे बोलल्या ते मी इथे सांगत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. त्या मला मावशी म्हणतात, त्यामुळे रागावताना त्यांची फार पंचाईत होते. "मावशी, घरी जाणाऱ्याला डिस्चार्ज म्हणायचं. आणि आता आणखी एक जरी तक्रार आली ना, तर मी काउंटरवर दुसरी मुलगी बसवणार. तुम्ही आत अवजारं उकळायची."

"मग तिथे कुणाशी बोलायचं, चिमट्यांशी?"

"चिमटे तक्रार करत नाहीत," त्या म्हणाल्या. बापावर गेली आहे ती थोडीशी.

मी बाहेर येऊन खुर्चीवर बसले. खरं सांगते, ती खुर्ची गेली तर मी नुसती एक म्हातारी बाई आहे. त्या खुर्चीवर मी कुणीतरी आहे. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलं, डिस्चार्जला डिस्चार्ज म्हणायला लागले. पण एक गोष्ट आम्हा दोघींच्याही लक्षात आली नाही. तो कागद माझ्या टेबलावर चिकटवलेला होता, लोकांच्या घरी नव्हता.

आता कंडक्टरचं सांगते. कंडक्टर हा कुत्रा. त्याचे मालक ड्रायव्हरकाका, चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. डेपोत सापडलेलं पिल्लू घरी आणलं आणि म्हणाले, ड्रायव्हर आहे तर कंडक्टर नको का? बायको वारल्यापासून घरात दोघंच. मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, ऑफिसात काम करतो, बोलणं एकदम शुद्ध. काकांचा इंजिनाकडचा कान कायमचा गेलेला आणि दुसराही फोनवर दगा देतो, म्हणून फाइलवर मुलाचा नंबर.

चौदा वर्षांचा कंडक्टर, दोन्ही किडन्या निकामी. सहा दिवस सलाइनवर होता. काका रोज चारला यायचे, पिंजऱ्यापाशी बसकण मारायचे आणि त्याला सगळ्या गावाची खबर द्यायचे. आदल्या दिवशी जाता जाता मला विचारलं, "बाई, ह्याला जिना चढता येईल ना? की मीच खाली झोपायला येऊ?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. मला माहीत होतं, तरी मी असं म्हटलं. कुलूप लावलेलं ना तोंडाला.

सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो बघितला, काउंटरवर येऊन मुलाला फोन लावला आणि कागदावर लिहिल्याप्रमाणे शब्दाला शब्द बोलल्या. "त्याला सोडवण्याचा विचार करावा, असं मला वाटतं. तुम्ही बाबांशी बोलून कळवाल का?" मी शेजारीच बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मलाही काही खटकलं नाही, खोटं कशाला बोलू.

अर्ध्या तासाने मुलाचा फोन आला. मी तेव्हा बाकाखाली शिरलेलं मांजर ओढून काढत होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी उचलला. एक मिनिटसुद्धा बोलणं झालं नाही. फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "होकार आला, मावशी. बाबा म्हणाले, आजच सोडा. फाइलवर लिहा, फोनवरून संमती. साडेअकराला करू या." आणि त्या आत गेल्या.

मी पेन उघडलं. 'संमती' मधला 'सं' लिहिला आणि हात थांबला. काल जिन्याचं विचारणारा माणूस आज अर्ध्या तासात 'आजच सोडा' म्हणतो? माणसं असा होकार देतात, नाही असं नाही. पण आधी चार प्रश्न विचारतात, रडतात, भांडतात, आम्हाला शिव्या घालतात. एकोणीस वर्षांत मी बिनभांडणाचा होकार पाहिलेला नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली. डोळ्यांसमोर शिंपीणबाई आल्या, पांढऱ्या कापडासकट.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं. समोर सातवा नियम. पुन्हा विचारू नये. नियम चांगलाच आहे. ज्याने काळजावर दगड ठेवून हो म्हटलं, त्याला परत 'नक्की ना' म्हणून विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. मुलगा भडकला तर तक्रार ठरलेली, आणि तक्रार आली की मी चिमट्यांपाशी. मी फोन उचलला, ठेवला. परत उचलला.

"मी दवाखान्यातून बोलतेय. तुम्ही मघाशी 'सोडा' म्हणालात ना, ते नेमकं कसं?"

"कसं म्हणजे?" मुलगा म्हणाला.

"घरी सोडू की वर?"

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर. गच्चीवर नव्हे."

मुलाचा आवाज असा चढला, की बाकावरचा बेकरीवाला मांजरीसकट माझ्याकडे वळून बघायला लागला. "काही लाज आहे का तुम्हाला? काय बोलताय काय? डॉक्टरांनीच सांगितलं ना, सोडवून न्या म्हणून? मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, त्यांनी कालच त्याची गादी धुतलेली, जिन्यात फळी टाकली, पट्टा घेऊन निघालेसुद्धा ते! मी लिहिणार आहे तुमच्याबद्दल. नाव सांगा तुमचं!"

"काउंटरवरची बाई म्हणून लिहा, सगळे ओळखतात," मी म्हटलं आणि फोन आपटला.

मी आत पळाले. माझे गुडघे पळण्याचे राहिलेले नाहीत, पण पळाले. डॉक्टरीणबाईंनी कंडक्टरला टेबलावर घेतलं होतं, पुढच्या पायावरचे केस काढून झाले होते. शेजारी ट्रेमध्ये भरलेली सिरिंज.

"थांबा! त्यांना डिस्चार्ज वाटला!"

"काय?"

"तुम्ही म्हणालात सोडवा, त्यांनी दवाखान्यातून सोडवलं. काका पट्टा घेऊन येतायत."

डॉक्टरीणबाई भिंतीला टेकल्या. ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं. इथे एक अक्षर न बदलता कुत्रा गेला असता. त्यांनी सिरिंजला टोपण लावलं, तीन वेळा लावलं तेव्हा बसलं. कंडक्टर टेबलावरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "बघतोस काय, तुझ्यावरूनच चाललंय."

बाराच्या सुमारास काका आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, हाताला पट्टा गुंडाळलेला. दारातूनच ओरडले, "कुठेय आमचा कंडक्टर? चला, गाडी सुटायची वेळ झाली!" बेकरीवाल्याने मान खाली घातली. मांजर घेऊन तो हळूच बाहेर पायरीवर जाऊन बसला, मी न सांगता.

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "काका, आम्ही सगळे प्रयत्न केले. पण आता त्याच्या शरीराची साथ कमी पडतेय. त्याला त्रासातून सोडवणं हेच..."

"हो, हो, सोडा की मग!" काका हसत म्हणाले. "गादी वाळलीय, फळी टाकलीय. सगळी तयारी आहे."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी पाढा अडला की अशाच बघायच्या. फोनवर कडू बोलणं सोपं असतं हो. पट्टा घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायचं म्हणजे वेगळं. पण हे काम दुसरं कुणी करणार नव्हतं. मी काउंटरमागून बाहेर आले, काकांच्या ऐकू येणाऱ्या कानाकडे गेले आणि त्यांचा हात धरला.

"काका, कंडक्टर बरा झालेला नाही. तो मरणार आहे. डॉक्टर विचारतायत, इंजेक्शन देऊन आज त्याला शांतपणे मरू द्यायचं का."

हसू लगेच गेलं नाही. तसंच चेहऱ्यावर राहिलं, विसरल्यासारखं. मग ते बाकावर बसले.

"घरी नेला तर?" थोड्या वेळाने त्यांनी मलाच विचारलं.

"आठवडाभर काढेल."

"दुखतंय त्याला?"

"हो. सलाइन आहे म्हणून कमी. घरी जास्त दुखेल."

"पण मी फळी टाकलीय," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. गप्प बसणं मला जमत नाही असं लोक म्हणतात, त्यांना म्हणावं, तेव्हा येऊन बघायचं होतं. शेवटी ते उठले, शर्ट नीट केला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "मी आत बसलो तर चालेल ना? मांडीवर घेऊन?"

"चालेल, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खाली चादर अंथरायला त्या स्वतः गेल्या.

दार लोटलेलं होतं. काकांचा आवाज बाहेर येत होता. आज कुठल्या रस्त्यावर खड्डे बुजवलेत, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने नवा रंग कुठला लावलाय, समोरच्या घरातल्या पोरीने सायकलवरून कसा हात केला, अशी रोजच्यासारखी गावाची खबर चालली होती. कुत्रा नीट ऐकत असावा, कारण मधेच ते म्हणाले, "हो ना, मीही तेच म्हटलं." मी काउंटरवर बसून रडले. हो, रडले. पदराआड वगैरे नाही, सगळ्यांच्या समोर, आणि बाकावर आणखी तिघं आली होती त्यांना म्हटलं, "काय बघताय? नंबर लावा."

मग आतला आवाज थांबला.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन माझ्या मागच्या बेसिनपाशी हात धुवायला लागल्या. खूप वेळ धुतले. "शेवटी तेच झालं, मावशी."

"तेच नाही झालं. तुम्ही साडेअकराला केलं असतं, तर बाराला ते दारातून ओरडत आले असते, कुठेय माझा कंडक्टर. मग त्यांना काय दाखवलं असतं?"

त्यांनी नळ बंद केला.

"आणि मुलगा तक्रार करणार आहे," मी म्हटलं. "मी त्याला नको ते विचारलं. खुर्ची कधी रिकामी करू ते सांगून टाका एकदाचं."

"मावशी, बसा गपचूप," त्या म्हणाल्या आणि टॉवेल शोधायला लागल्या. टॉवेल त्यांच्या खांद्यावरच होता.

काका बाहेर आले. पट्टा हातात तसाच गुंडाळलेला. बाकावर, जिथे मघाशी बसले होते तिथेच बसले आणि मला खुणेने बोलावलं.

"बाई, पोराला फोन करायला पाहिजे. तोच लहान होता तेव्हा हट्ट करायचा, बाबा, कुत्रा आणा. मला नाही जमणार. त्याचं मला ऐकू येणार नाही आणि माझ्या तोंडातून शब्द फुटणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही सांगा. मला सांगितलंत तसं सांगा."

दोन तासांपूर्वी ज्याने माझी लाज काढली, त्यालाच फोन. डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या होत्या, आमच्या दोघींच्या मधे तो प्लास्टिकमधला कागद. मी नंबर फिरवला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"मी दवाखान्यातून. मघाचीच."

"आता काय राहिलंय?" तो म्हणाला.

"तुमचा कंडक्टर मेला. एक वाजायला पाच मिनिटं होती तेव्हा. बाबांच्या मांडीवर होता. त्याला काही दुखलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी मला अडवलं नाही. पलीकडून खुर्ची मागे सारल्याचा आवाज आला. तो बोलला तेव्हा त्याची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"बाबा... बाबा कुठायत?"

"इथेच, माझ्या समोर बसलेत."

"बरे आहेत ना ते?"

मी काकांकडे बघितलं. ते पट्ट्याला पडलेला पीळ अंगठ्याने सरळ करत होते.

"नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही या."

"निघालो," तो म्हणाला.

फोन ठेवून मी काकांजवळ गेले. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय म्हणाला?"

"निघालाय."

त्यांनी मान हलवली. मग बाकावर जरा सरकले आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.